वकिलाचं वजन

एका बुधवारी सकाळी माझं वजन दोन किलोंनी उतरलं, आणि तो आनंद साजरा करायला संध्याकाळी मी एक चॉकलेट विकत घेतलं. पुढे जे रामायण घडलं त्याची सुरुवात एवढीच आहे. आता कोणी म्हणेल, वजन उतरल्याचा आनंद चॉकलेट खाऊन साजरा करणाऱ्याचं पुढे काय चांगलं होणार? (हेच माझी बायको गेले आठ दिवस जरा वेगळ्या शब्दांत म्हणते आहे. ते शब्द इथे देत नाही.)

पण आधी काट्याबद्दल सांगायला हवं. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "गोड बंद, तळलेलं बंद, लिफ्ट बंद." बायकोने घरी येता येताच एक वजनकाटा घेतला. पाय ठेवायला काळी रबरी चौकट, पुढे गोल तबकडी आणि तिच्यात लाल काटा. नियम असा, की रोज सकाळी तिच्यादेखत मी त्यावर उभं राहायचं आणि तिने तो आकडा कॅलेंडरवर लिहायचा. पहिल्या दिवशी ब्याऐंशी. आठवडाभर उकडलेल्या भाज्या खाल्ल्या, तरी ब्याऐंशी. आठव्या दिवशी मी एक गोष्ट केली.

इथे माझी नोकरी सांगणं भाग आहे. मी वजनमापांच्या कचेरीत आहे. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले वजनकाटे तपासायचे, बरोबर असले तर त्यांना शिशाचं सील ठोकायचं आणि सर्टिफिकेटवर सही करायची, हे माझं काम. बावीस वर्षांत मी किती लबाड काटे पकडले असतील याची गणती नाही. त्यामुळे घरच्या काट्याच्या पाठीमागे शून्य जुळवायचं एक छोटं चाक असतं, आणि ते कुठल्या बाजूला फिरवलं की काय होतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. ते मी चार किलोंनी मागे फिरवलं. एकदम नव्हे, आठवड्याला एक किलो. घाईने केलेली लबाडी पकडली जाते, हा धंद्यातला अनुभव. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ना, ते हेच.

बायको खूश झाली. काट्याच्या रिकाम्या तबकडीकडे कोणी पाहत नाही हे माझं भाग्य. माणूस आधी वर चढतो आणि मगच खाली बघतो. दोन महिने अठ्ठ्याहत्तरावर गेले. आणि मग त्या बुधवारी काटा शहात्तरावर थांबला. मी चाकाला हातसुद्धा लावला नव्हता! म्हणजे हे दोन किलो खरे होते. एका रात्रीत दोन किलो कसे गेले, असा प्रश्न बावीस वर्षं वजनं तपासणाऱ्या माणसाला पडायला हवा होता. मला पडला नाही. मी मनात म्हटलं, जिने चढल्याचा परिणाम उशिरा दिसतो.

तर ते चॉकलेट. चांगलं काळंकुट्ट, कडू. (कडू ते औषध, अशी मी मनाची समजूत घातली होती.) दहा चौकोनांची वडी. रोज एकच चौकोन खायचा असं ठरवून, मी लग्नात घातलेल्या बुटांपैकी डाव्या बुटात ती ठेवली. ते बूट चपलांच्या कपाटात तळाशी असतात आणि गेल्या एकोणीस वर्षांत त्यांना कोणी हात लावलेला नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, माझी मोठी मेहुणी, म्हणजे बायकोची ताई, तिचा कुत्रा आमच्याकडे ठेवायला आली. तिच्या लेकीला परगावी नोकरी लागली होती, तिचं बिऱ्हाड लावून द्यायचं होतं. चार दिवसांचा प्रश्न होता. कुत्रा अंगाने काळाभोर, गळ्याखाली मात्र पांढरे दोन पट्टे, म्हणून त्याचं नाव वकील. तो घरात आला, चारही खोल्या फिरून पाहिल्या, चपलांच्या कपाटापाशी जरा जास्त वेळ थांबला, आणि मग माझ्यासमोर बसून माझ्याकडे बघत राहिला. उलटतपासणीला सुरुवात करावी तसा.

ताई शाळेत मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी पर्समधून एक कागद काढला आणि फ्रीजवर चुंबकाने लावला. वर लिहिलं होतं : 'वकिलाला हे देऊ नये.'

"वाचा," त्या मला म्हणाल्या. "मोठ्याने."

मी वाचलं. "चॉकलेट. द्राक्षं. मनुका. कांदा. लसूण. कॉफी. दारू. यीस्ट घातलेलं कच्चं पीठ. बिनसाखरेचं च्युइंग गम. शिजवलेली हाडं."

"सगळं पाठ हवं हं."

"ताई, द्राक्षांनी काय होतं हो?" मला खरंच नवल वाटलं. निरुपद्रवी म्हणून डॉक्टरांनी मला ठेवलेल्या मोजक्या पदार्थांत द्राक्षं होती.

"मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखाद्याला थोडी खाल्ली तरी त्रास होतो, एखाद्याला होत नाही. कोणाला होईल ते आधी कळत नाही. म्हणून एकही नाही."

"आणि कांदा?"

"रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो की शिजलेला."

"बिनसाखरेच्या गमने काय होतं? त्यात तर साखर नसते."

"साखरेऐवजी जे घालतात ना, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते. तुम्ही फार प्रश्न विचारता हो," ताई म्हणाल्या, पण खूश होऊन. वर्गात हात वर करणारं पोर सापडलं की त्या अशाच खूश होत असाव्यात. जाता जाता त्यांनी बायकोला नखशिखांत न्याहाळलं. "सहा किलो उतरले म्हणालीस फोनवर. कुठून उतरले गं?"

"काट्यावर दिसतात," बायको तुटकपणे म्हणाली आणि विषय बदलला.

ताई गेल्यावर मी तो कागद घेऊन घराची झडती घेतली. काय सांगू! आपण ज्याला स्वयंपाकघर म्हणतो ते कुत्र्याच्या दृष्टीने विषाचं कोठार असतं. मनुकांची बरणी खालच्या फळीवर होती, ती वर नेली. कांद्यालसणाची टोपली वर गेली. बायकोच्या पर्समधून गम काढलं. फळांच्या ताटलीतून निसटलेलं एक द्राक्ष सोफ्याखाली सापडलं, तेव्हा तर आपण एक प्राण वाचवला असं मला वाटलं. शुक्रवारी कचेरीत मी सहकाऱ्यांना या विषयावर अर्धा तास व्याख्यान दिलं. दोघांनी घरी फोन केले.

एवढ्या झडतीत एक गोष्ट राहिली. यादीतली सगळ्यात पहिली. मुद्दाम नव्हे हो. पण माझ्या हिशेबी घरात चॉकलेट नव्हतंच. जो माल नोंदीत नाही तो तपासणीत कसा येईल?

वकील आणि मी दोन दिवसांतच एकमेकांना समजून गेलो. म्हणजे तो मला समजून गेला. मी जेवायला बसलो की माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकायचा आणि असा उसासा टाकायचा, की माझ्या घशाखाली उकडलेली भाजी उतरेना (ती तशीही उतरत नव्हती). बायकोचं मात्र त्याच्याशी काम चोख. फिरायला नेलं आणि तो एखाद्या खांबाशी रेंगाळला, की ती मागे वळूनही न बघता जिभेने टॉक्‌ असा आवाज काढायची आणि म्हणायची, "चल!" की हा निमूट चालू लागायचा. मला त्या वेळी त्याची गंमत वाटायची.

शनिवारी सकाळी मी दाढी करत होतो. वकील बाथरूमच्या दारात येऊन बसला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी चमकत होतं. ती चॉकलेटवरची चांदी होती. आणि त्याच्या पुढच्या पायांत माझा लग्नातला डावा बूट होता.

मी बूट उलटा केला. त्यातून कागदाचा एक चिटोरा पडला, बाकी काही नाही. वकिलाने शेपटी हलवली. असं प्रेमाने माझ्याकडे आजवर फार कोणी पाहिलेलं नाही, आणि त्याच्या पोटात मी ठेवलेलं विष होतं. त्या क्षणी मला बायकोची, ताईंची, कोणाचीच भीती वाटली नाही. हा मरेल, एवढीच भीती वाटली.

"अगं ए! डॉक्टरांना फोन लाव! कुत्र्याच्या!"

ताईंनी कागदाखाली प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहून ठेवला होता. बायकोने फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"काय खाल्लंय?" बाईंनी विचारलं.

"चॉकलेट," मी म्हणालो.

"आपल्या घरात चॉकलेट कुठून आलं?" बायको म्हणाली.

"कुठलं? दुधाचं की काळं?" डॉक्टरीणबाई.

"काळं. सत्तर टक्के कोको."

"सत्तर टक्के!" दोघी एकदम म्हणाल्या, पण दोघींची कारणं वेगळी होती.

"जितकं काळं तितकं वाईट. किती खाल्लं?"

"सात चौकोन."

"अंदाजे की नक्की?"

"नक्की. दहांतले तीन मी खाल्ले होते."

बायकोने माझ्या हातातल्या बुटाकडे पाहिलं.

"कुत्र्याचं वजन सांगा," बाई म्हणाल्या. "धोका वजनावर अवलंबून असतो. माहीत नसेल तर त्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि त्यातून तुमचं वजन वजा करा. आणि ऐका, मीठपाणी वगैरे काही पाजू नका. त्याने आणखी अपाय होतो. लगेच इकडे या."

ताईंचा फोन बंद होता. बिऱ्हाड लावण्याच्या गडबडीत चार्ज करायचा राहिला असावा. मी वाकून वकिलाला कवेत घेतलं. कुत्रा उचलला गेला नाही, माझ्या कमरेतून मात्र कट्‌ असा आवाज आला आणि मी वाकलेलाच राहिलो. शेवटी बायकोने बोटाने खुणावलं, टॉक्‌ केलं, आणि वकील आपणहून काट्यावर चढून बसला.

(हे उचलणं जमलं असतं तर पुढची शोभा टळली असती. दोन्ही वजनं एकाच लबाड काट्यावर केली की वजाबाकीत लबाडी कटून जाते. बावीस वर्षांचा अनुभव, आणि ऐन वेळी कंबर धरली.)

"आठ!" बायको फोनमध्ये ओरडली. "आठ किलो!"

"आठ किलोंचा कुत्रा आणि सात चौकोन? धावत या!"

टॅक्सीत वकील माझ्या मांडीवर होता. त्याचं हृदय माझ्या तळहाताखाली धडधडत होतं. चॉकलेटमुळे की गाडीच्या वेगामुळे, कळत नव्हतं. बायको टॅक्सीवाल्याला घाई करत होती. आणि माझ्या डोक्यात एकच विचार घोळत होता : आठ नाही, बारा. आपला काटा चार किलो कमी दाखवतो हे जगात फक्त मला माहीत आहे. डॉक्टरीणबाई आठ किलोंच्या हिशेबाने इंजेक्शन देतील, ते बारा किलोंच्या कुत्र्याला पुरणार नाही, आणि हा बिचारा माझ्या चाकापायी जाईल. सांगावं, तर तीन महिन्यांचं कॅलेंडर खोटं ठरतं. न सांगावं, तर या काळ्या डोळ्यांकडे कसं बघायचं?

दवाखान्यात शिरताच डॉक्टरीणबाईंनी वकिलाला टेबलावर घेतलं, छाती तपासली आणि सहज विचारलं, "आठ किलो ना?"

"आठ नाही!" मी ओरडलो. बाहेर बसलेली एक मांजर टोपलीत उभी राहिली. "बारा! आमचा काटा चार किलो मागे आहे. मी फिरवलाय. मीच. माझं वजन अठ्ठ्याहत्तर कधीच नव्हतं."

बायको माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, इथे वजन केल्याशिवाय मी कुठल्याच जनावराला सुई लावत नाही. तो काय काटा."

भिंतीशी स्टीलचा मोठा सपाट काटा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. माझा एवढा त्याग, आणि त्याची गरज कोणालाच नव्हती.

वकिलाला काट्यावर उभं केलं. आकडे लुकलुकले आणि थांबले. चौदा.

"चौदा?" मी म्हणालो. लाज क्षणात मागे पडली आणि माझ्यातला कचेरीतला माणूस जागा झाला. "शक्यच नाही. आठ अधिक चार, बारा. मॅडम, तुमच्या काट्यात दोन किलोंची चूक आहे."

डॉक्टरीणबाई वकिलाच्या पायात सुई टोचता टोचता म्हणाल्या, "मागच्याच महिन्यात तपासून घेतलाय. सर्टिफिकेट वर लावलंय बघा."

मी वर पाहिलं. चौकटीत सर्टिफिकेट होतं. 'तपासले, बरोबर आढळले.' खाली सही होती. सही माझी होती.

"उभे राहा बरं त्यावर," बायको म्हणाली.

"कशाला आता? कुत्रा आजारी असताना?"

"उभे राहा."

मी उभा राहिलो. ब्याऐंशी. तीन महिने, शेकडो जिने, मणभर उकडलेला कोबी, आणि ब्याऐंशी. त्या बुधवारचे माझे खरेखुरे दोन किलोसुद्धा त्यात परत आले होते.

तेवढ्यात वकिलाला उलटी झाली. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कोणाच्या उलटीकडे पाहिलेलं नाही. चॉकलेट आलं, चांदी आली, आणि माझ्या लग्नातल्या बुटाची नाडीही आली. डॉक्टरीणबाईंनी ट्रेमध्ये चिमट्याने सगळं चाळून पाहिलं. "बहुतेक सगळं बाहेर पडलंय. लवकर आणलंत म्हणून. संध्याकाळपर्यंत इथे नजरेखाली ठेवते, पण मला वाटतं, निभावलं." मी टेबलाशी गेलो तर वकिलाने माझा हात चाटला. माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवले नाहीत. त्या दिवशी लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बाईंनी वकिलाच्या कार्डावर सगळं नीट उतरवून घेतलं. वर म्हणाल्या, "चौदा म्हणजे यालाही एखादा किलो जास्तच आहे. खाली सूचना लिहून देते."

संध्याकाळी त्याला घेऊन येताना टॅक्सीत मी बराच वेळ बोटं मोजत होतो. माझे चार. मग सहाचा फरक का? राहून राहून तेच मनात येई. काटा खाली पडला असेल? स्प्रिंग सैल झाली असेल?

"त्याचं असं आहे," मी बायकोला म्हणालो, "चाक आपोआप फिरत नाही. चार मी फिरवले. उरलेले दोन गेले कुठे, हेच मला—"

"माझे आहेत ते," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"काय?"

"तुमचे चार उतरले तेव्हा माझेही चार उतरलेले दिसले. मी काय समजणार? ताईला फोनवर सांगून टाकलं, बोलता बोलता सहा सांगितले. मग ती येणार म्हटल्यावर मंगळवारी बघितलं, मागे चाक आहे."

म्हणजे मी चोर, तर ही चोरावर मोर. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे, आणि दोघांना जे हसू फुटलं ते घर येईपर्यंत थांबेना. वकील एकदा माझं तोंड बघे, एकदा तिचं. टॅक्सीवाल्याने आरसा नीट केला. बायकोबद्दल मला इतकी माया गेल्या कित्येक वर्षांत वाटली नव्हती. मला वाटलं, चला, दोघंही गुन्हेगार, तेव्हा प्रकरण मिटलं.

इथेच मी फसलो. घरात पाऊल टाकताच ती म्हणाली, "सोमवारी तो काटा कचेरीत न्या, शून्यावर आणा आणि चाकावर तुमचं ते शिशाचं सील ठोकून आणा. सर्टिफिकेटसकट." आणलं. 'तपासले, बरोबर आढळले', खाली पुन्हा माझीच सही. ते आता बाथरूमच्या दाराशी टांगलेलं आहे.

सोमवारी संध्याकाळी ताई आल्या. वकिलाने त्यांच्या अंगावर उड्या मारल्या. आम्ही दोघांनी मिळून सगळं खरं खरं सांगितलं, म्हणजे चॉकलेटचं. काट्याचं कोणी बोललं नाही. ताईंनी चष्मा लावून दवाखान्याचं कार्ड वाचायला घेतलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"हे काय गं? सकाळी नऊला आठ किलो. पावणेदहाला बारा. दहाला चौदा. दहा वाजून पाच मिनिटांनी... ब्याऐंशी? काय खायला घातलंत काय माझ्या कुत्र्याला?"

"नाही गं ताई," बायको म्हणाली, "तो शेवटचा आकडा ह्यांचा."

ताईंनी मला वरून खाली पाहिलं. "हां. मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि कार्डाची घडी घातली.

"थांब," बायको म्हणाली. "त्याखालच्या सूचना मला लिहून घेऊ दे."

वकील गेला. फ्रीजवरचा कागद गेला नाही. फक्त त्यावरचं वकिलाचं नाव खोडलेलं आहे, आणि खाली डॉक्टरीणबाईंच्या सूचना बायकोच्या अक्षरात आहेत. 'सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरवून आणावे. अधेमधे काही देऊ नये. ताटापाशी केविलवाणा चेहरा करून बसल्यास लक्ष देऊ नये.'

आज सकाळी आम्ही दोघं फिरायला गेलो होतो. ती पुढे, मी मागे. कोपऱ्यावरच्या बेकरीची काच नुकतीच उघडली होती आणि आतून वास येत होता. मी जरा थांबलो. फक्त बघत होतो. एकोणीस वर्षांत बायकोने मला 'अहो' सोडून दुसरी हाक मारलेली नाही. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. जिभेने टॉक्‌ केलं आणि म्हणाली, "चल!"

आणि मी निमूट चालू लागलो.